साती आसरांचं स्थलांतर

हिवरवाडीच्या उपसा जलसिंचन सहकारी संस्थेकडे सगळं होतं. अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, सचिव होता, शिक्का होता आणि वार्षिक सभेत अंथरायला सतरंजी होती. पाणी तेवढं नव्हतं. खालच्या तलावातलं पाणी उपसून वरच्या शेतांना द्यायचं म्हणून संस्था निघाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तलाव आटला. तलावाला सहकाराची सवय नव्हती. पण आमच्याकडे एकदा निघालेली संस्था पाण्यासारख्या किरकोळ कारणासाठी बंद पडत नाही. निवडणुका होत राहिल्या, पॅनेलं पडत राहिली, आणि भगवानराव अध्यक्ष होत राहिले.

संस्थेची डोळ्यांना दिसणारी वस्तू एकच, सिमेंटचा हौद. तो भगवानरावांच्या शेतात होता, कारण गावातली उंच जागा तीच, असं इंजिनिअरनं सांगितलं होतं. इंजिनिअर त्या दिवशी जेवायलाही भगवानरावांकडेच होता. हौदाभोवती तारेचं कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुंपणाला लागून भगवानरावांची मोसंबीची बाग.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या सालची ही गोष्ट. आमच्या गावाला सरकारी टँकर सुरू झाला. टँकर ओतायचा कुठं, हा प्रश्न आला. गावाच्या मधोमध पायऱ्यांची बारव आहे. पण बारवेत गाळ साचलेला, कचरा टाकलेला. "गाळात पाणी ओतणं म्हंजी शासनाचा अपमान हाय," असं भगवानराव म्हणाले आणि टँकर हौदात रिकामा होऊ लागला. गावापासून फाटा, फाट्यापासून चढ, चढानंतर हौद. बाया डोक्यावर घागरी घेऊन जात-येत. पहाटे मात्र हौदावरची मोटार थोडा वेळ चाले आणि त्या उन्हाळ्यात अख्ख्या शिवारात भगवानरावांची मोसंबी तेवढी हिरवी होती. याचा एकमेकांशी संबंध सगळ्यांना माहीत होता. सभेत मात्र तो विषय कधी विषयपत्रिकेवर आला नाही.

बारव कोणी बांधली याबद्दल गावात तीन मतं आहेत आणि तिन्ही मतांची माणसं हॉटेलात बसून एकमेकांचे बाप काढतात. ती कोणी साफ करायची याबद्दल मात्र एकच मत आहे, ते म्हणजे दुसऱ्यानं. संस्थेनं वार्षिक सभेत बारवेचा गाळ काढण्याचा ठराव दरसाल सर्वानुमते मंजूर केला आहे. मंजूर झाल्यावर चहा होतो.

निजामाच्या अमलात याच बारवेवर गिरदावराचा, म्हणजे महसुली अंमलदाराचा, घोडा आधी पाणी प्यायचा, मग गाव. बाहत्तरला खडी फोडून आलेली माणसं संध्याकाळी हिचंच पाणी प्यायली. त्या साली ती आटली नव्हती. आणि तळाशी, शेवटच्या पायरीजवळच्या कोनाड्यात, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा. सात बहिणी, पाण्यात राहणाऱ्या. नवी नवरी गावात आली की आधी त्यांना पुजते. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडते ती थेट तिथं जाते, हळदकुंकू वाहते, घुगऱ्या ठेवते आणि पहिली घागर भरून आणते. त्याला आमच्याकडे पाणी पुजणं म्हणतात. आसरांच्या जागेचे नियमही आहेत. तिथं चप्पल चालत नाही, कुलूप चालत नाही, मोटार चालत नाही. एकानं पूर्वी बारवेवर मोटार बसवली होती, ती तिसऱ्या दिवशी जळाली. व्होल्टेज कमी होतं, असं वायरमन म्हणाला. गावानं वायरमनचं ऐकलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात मुक्ताबाईची सून सत्यभामा बाळंत झाली. बीडच्या दवाखान्यात पोट फाडून पोरगी काढावी लागली. डॉक्टरनं सांगितलं, जड उचलायचं नाही. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात, असं तिचा नवरा सुग्रीव याचं मत होतं. मुक्ताबाईचे स्वतःचे गुडघे ऊसतोडीत गेलेले. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, यात तिची उमर गेली होती. त्यामुळं सव्वा महिना पाणी सुग्रीवनं आणलं. मोटारसायकलला दोन्हीकडं कॅन बांधून तो हौदावर जाई आणि फाट्यावरच्या हॉटेलातून आवाज येई, "काय बे सुग्रीव, बाळंतीण ती हाय का तू?"

त्यामुळं सव्वा महिना भरल्याचं घरात सगळ्यात आधी सुग्रीवच्या ध्यानात आलं.

"आये, झाला की सव्वा महिना. पुजू दे तिला पाणी."

"कुठलं?" मुक्ताबाई ज्वारी निवडत होती.

"हौदातलं."

"हौदात कोण हाय?"

"पाणी हाय."

"पाणी हाय ते मलाबी दिसतंय. कोण हाय, इचारलं."

आत सत्यभामा पोरीला पाजत होती, तिथून ती म्हणाली, "जाते मी, आत्या. हळूहळू आणीन. अर्धी अर्धी घागर."

"तू बस खाली." मुक्ताबाईनं सूप बाजूला ठेवलं. "सुग्रीव, नीट ऐक. पाणी पुजल्याबिगर बाळंतिणीनं घागरीला हात लावायचा न्हाई. माझ्या सासूच्या सासूपासून दस्तूर हाय. पाणी पुजायचं ते आसरापाशी. आसरा बारवेत. बारव कोरडी. आता सांग, हिनं काय करावं?"

"म्हंजी बारवंला पाणी येईस्तोवर मीच आणू का?"

"मी कुठं तसं म्हणले? दस्तूर म्हणतोय."

सुग्रीवनं हे गाऱ्हाणं हॉटेलात नेलं. तिथं लोक हसले. मग ते घरी गेले आणि घरी त्यांनी ते हसत हसत बायकांना सांगितलं. ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत गावातल्या सासवांनी हिशेब मांडला. बारव आटून काही वर्षं झालेली. म्हणजे तेव्हापासून गावात जेवढ्या बाळंतिणींनी पाणी पुजलं ते सगळं बादलीत, नाहीतर पिंपात. म्हणजे ते झालंच नाही. म्हणजे त्या सगळ्या पोरी इतकी वर्षं दस्तूर मोडून घागरी वाहत होत्या. मग नव्या नवऱ्यांचंही तसंच निघालं. एकीचं पोरगं तर शाळेत जायला लागलं होतं. तीही घागर खाली ठेवून बसली.

दोन दिवसांत हिवरवाडीचे पुरुष पाणी भरू लागले. कोणी सायकलवर, कोणी बैलगाडीत पिंप टाकून. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते खांद्यावर. फाट्यावरचं हॉटेल ओस पडलं, कारण गिऱ्हाईक रांगेत उभं होतं. चढावर दम खात एक जण म्हणाला, "लई लांब हाय बे हे." इतक्या वर्षांत ही गोष्ट पुरुषांच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकली.

सिंधुबाई अंगणवाडी चालवत. बौद्ध वस्तीतल्या. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात देव नाहीत, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. मुक्ताबाई नातीचं वजन करायला अंगणवाडीत आली तेव्हा सिंधुबाईंनी विषय काढलाच.

"मुक्तामावशी, तुमच्या आसरांनी बाप्यांना कामाला लावलं म्हणं."

"तुमच्या वस्तीतल्या बाया भरतेत का आजून?"

"भरतेत. आमच्यात पूजा न्हाई, मग सुट्टीबी न्हाई."

"मग तुमी कावून वाहताव? तुमची घागर हलकी हाय का?"

सिंधुबाई हसल्या. मग काट्यावरचा आकडा लिहून घेत म्हणाल्या, "माझं येगळं हाय मावशी. माझा सासरा त्या बारवंच्या पायऱ्या उतरला म्हणून मार खाल्लेला माणूस. त्याच्या आधी आमची माणसं वर उभी ऱ्हायची. कुणी दया येऊन वतलं तर वतलं. माराचा वण त्याच्या पाठीवर मरेस्तोवर होता. पण दुसऱ्या दिशी परत उतरला, तिसऱ्या दिशी आमची आख्खी वस्ती उतरली. त्या पायऱ्या आमी फुकट न्हाई मिळवल्या. आता पाणी कुणाच्या शेतात, कुलपाच्या आत. आमी परत वरच उभ्या. फकस्त जागा बदलली."

मुक्ताबाईनं नातीला झोळीतून उचललं. तिचा सासरा त्या मारणाऱ्यांत होता, हे दोघींनाही माहीत होतं.

"मला गाळ काढून पायजे, सिंधे," मुक्ताबाई शेवटी म्हणाली. "टँकर बारवंत पायजे. ह्या पोरीची माय त्या चढावर घागर घेऊन जाणार न्हाई. माझे गुडघे गेले, तिचं पोट जाऊ देणार न्हाई मी."

"मग आमच्याबी घागरी खाली," सिंधुबाई म्हणाल्या. "पूजेसाठी न्हाई. पायऱ्यांसाठी."

बौद्ध वस्तीतल्या घागरी खाली आल्यावर रांगेत पुरुषांची संख्या वाढली आणि भगवानरावांना संस्थेची विशेष सभा बोलवावी लागली. सभा मारुतीच्या पारावर झाली. बाया सभासद नव्हत्या, पण त्या आल्या आणि बसल्या. त्यांना उठवायचं कोणी, हे ठरेना, म्हणून सभा सुरू झाली.

भगवानराव उभे राहिले. माणूस हुशार. इतकी वर्षं पाण्याशिवाय पाण्याची संस्था चालवणं साधं काम नाही. ते म्हणाले, "माताभगिनींची अडचण रास्त हाय. धार्मिक भावनेचा आपुन आदर करतो. अडचण काय, तर आसरा बारवंत आन् पाणी हौदात. बारवंचा गाळ काढायचा तर मशीन पायजे, मंजुरी पायजे, पावसाळा तोंडावर. मग मी म्हणतो, पाणी आसरांकडं न्यायच्या ऐवजी आसराच पाण्याकडं नेल्या तर?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बदली म्हणा की चेरमन."

"बदली न्हाई, स्थलांतर," सचिव बद्रीनाथ लिहिता लिहिता म्हणाला. बद्रीनाथला ठरावाच्या भाषेची फार आवड. त्यानं तिथल्या तिथं वाचून दाखवलं: "गावातील महिला भगिनींची गैरसोय लक्षात घेता, बारवेतील साती आसरा यांचे संस्थेच्या हौदावर सन्मानपूर्वक स्थलांतर करण्यात यावे व इतःपर सदर हौद हे त्यांचे अधिकृत ठिकाण समजण्यात यावे."

सिंधुबाई उठल्या. "देव तुमचे हायत, कुठंबी न्या. पण बारव गावाची हाय. पाणी गावात आलं पायजे. माझा इरोध लिहा."

बद्रीनाथनं अध्यक्षांकडे पाहिलं.

"सर्वानुमते लिही," भगवानराव म्हणाले. "उगं पायंडा मोडू नको."

मग मुक्ताबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. सभेला वाटलं, आता ही भांडणार. ती म्हणाली, "चेरमन, मला दोन शब्द इचारायचेत. हौद आता आसरांचा झाला ना?"

"झाला की."

"कायदेशीर?"

"ठराव हाय, मुक्ताबाई. संस्थेचा ठराव म्हंजी कायदाच."

"मग मंजूर," ती म्हणाली आणि खाली बसली.

सिंधुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सभा संपल्यावर त्यांनी तिला गाठलं. "मावशी, इकलं का आमाला?"

"दम धर गं."

मंगळवारी स्थलांतर झालं. हलगी वाजली. सात दगड सात परड्यांत ठेवून बायांनी डोक्यावर घेतले आणि मिरवणूक चढ चढून हौदावर गेली. भगवानरावांनी फाटक उघडून स्वतः नारळ फोडला. बद्रीनाथनं मोबाईलवर फोटो काढला. हौदाच्या कडेला सिमेंटचा छोटा ओटा करून दगड बसवले गेले. मग मुक्ताबाईनं फाटकाचं कुलूप काढलं आणि भगवानरावांच्या हातात दिलं.

"हे काय?"

"आसरांच्या जागंला कुलूप न्हाई चालत."

"बरं बरं," भगवानराव म्हणाले. माणसं बघत होती.

"आन् मोटार काढून घ्या."

"मोटार?"

"आसरांच्या पाण्यावर मोटार न्हाई चालत. मागं जळाली ती ध्यानात हाय ना? तवा त्या बारवंत होत्या, कोपल्या तरी गावात कोपल्या. आता तुमच्या शेतात हायत."

भगवानरावांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांची बायको ताराबाई परडी घेऊन पहिल्या ओळीत उभी होती आणि मान हलवत होती.

"मग आता पाणी पुजून घ्या," भगवानराव सावरून म्हणाले. "आन तुझी सून."

"आज कसं पुजता येईल? नव्या जागी बसायला आसरांना सव्वा महिना लागतो. त्याबी बायाच हायत. तवर पूजा न्हाई. सोवळं मात्र आजपासनं."

"हे कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूनं."

सासू वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं उलटतपासणी शक्य नव्हती. हे मुक्ताबाईला खरोखर सासूनं सांगितलं होतं का, याबद्दल गावात आजही मतभेद आहेत. मला विचाराल तर, सांगितलं नसेल तर तिनं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भगवानराव सवयीनं मोटार सुरू करायला उठले. ताराबाई दारात आडवी उभी होती. त्यांची लेक माहेरपणाला आली होती, नववा महिना चालू होता.

"कुठं निघालाव?"

"बागेला थोडं..."

"घरात गरवार लेक हाय. तुमी आसरांचं पाणी झाडाला घालताव?"

"अगं, ठराव कागदावरचा असतो."

"मग कागदावर करायचा होता. दगड कशाला आणून बसवले?"

इतक्या वर्षांच्या सहकारी कारकिर्दीत भगवानरावांचा एखादा ठराव अमलात येण्याची ही पहिलीच वेळ होती आणि त्यांना त्याचा अनुभव नव्हता.

मग बाहेरच्या बाया येऊ लागल्या. आसरा हिवरवाडीच्या हौदावर आल्यात, मोठा ठराव करून आल्यात, ही बातमी नेकनूरच्या बाजारात पोचली. नवसाच्या बाया एसटीनं फाट्यावर उतरू लागल्या. खण, नारळ, भिजवलेली डाळ, हिरव्या बांगड्या. बांगड्या ठेवायला ओट्यावर जागा पुरेना तेव्हा त्या मोसंबीच्या फांद्यांना अडकवल्या गेल्या. बाया दुपारच्या सावलीला बागेतच बसत. बरोबर आलेली शेरडं मोसंबीचा पाला खात. त्यांना हाकलावं तर ती नवसाची शेरडं. फाट्यावरच्या हॉटेलानं हौदापाशी दुसरी शाखा काढली. भगवानरावांनी एकदा कुंपणाशी उभं राहून "ही खाजगी जागा हाय" असं सांगून पाहिलं. एका म्हातारीनं त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं.

मोसंबीची पानं वाकू लागली. पुरुष अजूनही पाणी भरत होतेच, कारण सव्वा महिना सरला नव्हता. त्यांचा राग आता बायांवर नव्हता. चढ चढताना त्यांना भगवानराव दिसत.

एका दुपारी भगवानराव मुक्ताबाईच्या ओट्यावर आले. बरोबर बद्रीनाथ. मुक्ताबाईनं सत्यभामेला चहा टाकायला सांगितलं आणि सुग्रीवला सिंधुबाईंना बोलवायला धाडलं.

"त्यांना कावून?" भगवानराव म्हणाले.

"त्यांचा इरोध लिहायचा राहिलाय."

सिंधुबाई आल्या. भगवानराव ओट्यावर सरकून बसले, त्यांना जागा झाली. चहा आला. हे सगळं निमूटपणे झालं.

"मुक्ताबाई, ऱ्हाऊ द्या आता," भगवानराव म्हणाले. "आसरांना तिथं करमत न्हाई असं दिसतंय. परत न्याव म्हणतो."

"कोरड्या बारवंत?"

"मशीन बघतो मी. पावसाळ्यानंतर..."

"मशीन नको," सत्यभामा दारातून म्हणाली. ती सासऱ्याच्या वयाच्या माणसापुढं पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळं सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं पदर सावरला, पण ती आत गेली नाही. "मशीननं पायऱ्या फुटत्याल. माणसांनी काढायचा. आख्खं गाव लागलं तर आठवड्यात हुईल. मी बारवंशेजारच्या घरातच नांदायला आले, मला म्हाईत हाय किती खोल हाय ती."

"बरं. गाळ काढू," भगवानराव म्हणाले.

"आन् टँकर बारवंत," सिंधुबाई म्हणाल्या.

"बारवंत."

"आन् कुलूप कुठंच न्हाई."

"आता बारवंला कुलूप लावायला दार तरी हाय का?"

"न्हाई. पण तुमी बसवताल."

बद्रीनाथनं फेरठराव लिहायला घेतला. "सदर देवतांचे मूळ ठिकाणी पुनर्स्थलांतर..." तो गोड आवाजात म्हणत होता. मुक्ताबाईनं भगवानरावांना दुसरा कप दिला. "पिऊन घ्या. उद्या खोरं घेऊन या. तुमी नारळ फोडून जायचं न्हाई, गाळात उतरायचं."

गाळ काढायला गाव लागलं. वरच्या आळीनं आणि बौद्ध वस्तीनं वेगवेगळ्या रांगा करायचा प्रयत्न केला, पण बारवेला पायऱ्या एकाच बाजूनं आहेत. त्यामुळं घमेली एकाच साखळीतून वर येऊ लागली. ज्याच्या हातातून घ्यायचं त्याच्याच हातातून घ्यावं लागलं. गाळात प्लास्टिक निघालं, फुटक्या घागरी निघाल्या, तीन निवडणुकांचे झेंडे निघाले, आणि संस्थेचा एक जुना लोखंडी फलकही निघाला, त्यावर भगवानरावांचं नाव होतं. ते त्यांनी चड्डीला हात पुसत वाचलं आणि घमेलं पुढं सरकवलं. सुग्रीव सगळ्यात खाली होता. पुरुष मन लावून राबले. त्यांना चढ आठवत होता.

तळ लागला तेव्हा कातळ ओलसर निघाला. झरा वगैरे फुटला नाही. ते सिनेमात होतं. पण ओल होती, आणि टँकर ओतल्यावर पाणी जिरलं नाही, थांबलं. आसरा हलगीच्या तालावर परत कोनाड्यात आल्या. सिंधुबाई पूजेला बसल्या नाहीत, पण त्या पायऱ्या उतरून तळापर्यंत गेल्या, ओंजळीनं पाणी प्यायल्या आणि वर आल्या. मग सत्यभामा उतरली. तिच्यामागं शाळेत जाणाऱ्या पोराच्या आईपर्यंत सगळ्या. घुगऱ्या संपल्या, मग परत शिजवाव्या लागल्या.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या सोमवारी टँकर बारवेवर आला नाही.

आसरा गेल्यावर हौद मोकळा झाला होता. मोटार परत बसली होती. ताराबाईची लेक बाळंत होऊन सुखरूप सुटली होती. आणि बद्रीनाथच्या फेरठरावात देवतांचा सगळा तपशील होता, टँकरचा शब्द नव्हता. भगवानरावांनी दिलेली जबान चहाबरोबर दिलेली होती. टँकर फाट्यावरून सरळ वर गेला.

सत्यभामा रिकामी घागर घेऊन बारवेवर उभी होती. तिनं चढाकडे धूळ उडताना पाहिली. ती घरी गेली, पण सासूला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर फाट्यावर आला तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती.

टँकरवाल्यानं हॉर्न दिला. मग शेजारी बसलेला बद्रीनाथ खाली उतरला.

"बाजूला हो, पोरी. पूजा झाली ना तुझी? देवी गेल्या ना जागंवर? आता काय अडलं?"

"पाणी अडलं."

"मग हौदावर ये ना भरायला. आता घागर उचलायला तुला दस्तूर आडवा येत न्हाई."

"दस्तूर न्हाई येत. मी येते."

"ठराव हाय का तुझ्याकडं?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? उभी हाय की."

बद्रीनाथ टँकरवाल्याकडे वळला. टँकरवाला माणूस समजूतदार, त्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू काढली. तेवढ्यात गावाच्या बाजूनं सिंधुबाई येताना दिसल्या. अंगणवाडीची पोरं त्यांनी मदतनीस बाईवर सोडली होती. त्या आल्या आणि काही न विचारता सत्यभामेच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग दोघी-तिघी अजून. सुग्रीव मोटारसायकलवर आला, बायकोकडं पाहिलं, गाडी स्टँडवर लावली आणि तोही उभा राहिला. हॉटेलातून कोणीतरी "काय बे सुग्रीव" म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचं बोललं नाही.

सगळ्यात शेवटी मुक्ताबाई आली. फाट्यापर्यंत चालत यायला तिला वेळ लागला होता. उभं राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती टँकरच्या चाकापुढं डांबरावर फतकल मारून बसली.

"मुक्तामाय, उन्हाचं डांबर तापलंय," टँकरवाला म्हणाला.

"तुझा टँकरबी तापला असंल. बारवंला सावली हाय."

टँकरवाल्यानं तंबाखू थुंकली. तो बद्रीनाथला म्हणाला, "साहेब, मला रोज यायचंय इथं. ह्याबी रोज येत्याल." आणि त्यानं इंजिन सुरू करून टँकर मागं घेतला. गाडी गावाकडे वळली. तिच्यामागं धूळ आणि धुळीत बाया.

मुक्ताबाई तशीच बसून होती. सत्यभामेनं पोरीला सिंधुबाईंकडं दिलं आणि सासूपुढं दोन्ही हात केले.

"तू न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "टाके हायत तुझे. सिंधे, पोरगी दे तिला आन् तू वढ मला. चल, उठव. पाणी भरून सांजच्याला समद्यांनी मिळून बसायचंय. उद्याच्याला फाट्यावर कोण ऱ्हाणार, ते ठरवावं लागंल."